बिरागोने माफ कुणाला केलं?

आसांकरे गावच्या बिरागोच्या तोंडी लागायचं नाही, हे कुमासी शहराच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. तरीही ते तिच्याच शेगडीपुढे गाडी थांबवत, कारण तिची केळी आतपर्यंत भाजलेली असत. बाकीच्या बाया जाळ मोठा करून केळं वरून काळं करत आणि आतून कच्चं ठेवत. बिरागो निखाऱ्यांपाशी ठाण मांडून एकेक केळं सावकाश फिरवायची, मग मूठभर भाजके शेंगदाणे घालून वर्तमानपत्रात गुंडाळायची. या खाण्याला आमच्याकडे ‘कंगाल कोफी’ म्हणतात, म्हणजे खिशात दमडी नसलेल्या कोफी नावाच्या गड्यालाही परवडणारं. एखादा शहरी शिष्ट ते नाव ऐकून हसला, की बिरागो म्हणायची, “हस बाबा, हस. खातोस कंगालाचं आणि ढेकर देतोस मंत्र्याची.”

एकदा बोलण्याच्या नादात एक केळं कच्चं राहिलं आणि ते घेतलेला माणूस बसमध्ये बसून निघालाही. दुसरी कुणी असती तर झाकली मूठ म्हणून गप्प बसली असती. बिरागो नीट भाजलेलं केळं घेऊन बसमागे धावली. गतिरोधकापाशी बस मंदावली तेव्हा तिने ते खिडकीतून आत फेकलं आणि ओरडली, “ते पहिलं टाकून दे! पोट बिघडलं तर नाव माझं घेशील!” तिला कुणाचं फुकट नको होतं आणि स्वतःचं कुणाला फुकट द्यायचंही नव्हतं. अशा स्वभावाने माणूस श्रीमंत होत नाही, पण झोप शांत लागते.

तिच्या शेजारी कोनामा संत्री सोलत बसायची. दोघींचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दुपारचं फूफू, म्हणजे कुटलेल्या कंदांचा मऊ गोळा, दोघी एकाच वाडग्यातून खायच्या. कोनामा देवभोळी, चारचौघांना धरून चालणारी. बिरागो म्हणजे उडदामधला खडा. तरी ही जोडी नवऱ्यांपेक्षा जास्त टिकली होती. एकीचा नवरा वारला होता आणि दुसरीचा पळून गेला होता.

तो सिमेंटचा ट्रक आला तेव्हा सकाळची गर्दी नुकतीच ओसरली होती. गावात शिरताना रस्ता उताराचा आहे. लांबून भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. कोनामाने मान वर करून पाहिलं, तर ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता आणि हात हलवत ओरडत होता, “पळा! पळा!” कोनामा पळाली. बिरागोची पाठ रस्त्याकडे होती, आणि भोंगे तर तिथे दिवसभर वाजत. ट्रकने गतिरोधक ओलांडला, संत्र्यांची रास चिरडली आणि बिरागोचं बाकडं रेटत नेऊन तो गटारात रुतला. बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला.

अशा वेळी आमच्याकडचे ड्रायव्हर आधी पोलीस चौकी गाठतात, नाहीतर लोक त्यांना धरून कुटतात. हा पळाला नाही. उत्तरेकडचा, किडकिडीत, इद्रिसू नावाचा माणूस. तो बाकडं उचलायला धावला आणि उचलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “सांगितलं होतं मी त्यांना. ब्रेक धरत नाही म्हणून सांगितलं होतं.” बिरागोने ते ऐकलं नाही, तिची शुद्ध हरपली होती. कोनामाने मात्र शब्दन् शब्द ऐकला. मग पोलीस आले आणि इद्रिसूला घेऊन गेले.

बिरागो दवाखान्यातून घरी आली ती कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घेऊन. तेव्हा ट्रक कंपनीचा मॅनेजर आम्पादू गावात उगवला. कडक इस्त्रीचा सदरा आणि गोड जीभ. मालक स्वतः तेमा बंदराकडे राहायचा, त्याला आसांकरेत कुणी कधी पाहिलं नव्हतं. आता या आम्पादूने कागद पुढे करून अंगठा मागितला असता, तर बिरागोने तिथल्या तिथे त्याला हाकलून दिलं असतं. पण तो आमच्याच मातीतला. त्याने कागद आणला नाही, बाटली आणली.

श्नॅप्स दारूची बाटली, तांदळाची गोणी आणि अंड्यांची पाटी घेऊन तो आधी नाना सार्पोंगकडे गेला. नाना म्हणजे गावप्रमुखांचे ओचामे. प्रमुख स्वतः चारचौघांत बोलत नाहीत, त्यांचा शब्द ओचामेच्या तोंडून बाहेर पडतो. आमच्याकडे अपराध्याने स्वतः येऊन माफी मागायची नसते, मोठ्या माणसाला पुढे घालायचं असतं. आणि तो मोठा माणूस दारात उभा राहिला, की नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं.

नाना आले. पांढरे केस, खांद्यावरून घेतलेलं काळं वस्त्र. बिरागोच्या अंगणात शेजारीपाजारी जमले, कोनामा अगदी पुढे बसली. नाना म्हणाले, “पोरी, इद्रिसू ड्रायव्हरच्या हातून तुझा हात मोडला. इद्रिसू कोठडीत आहे. त्याला चार लेकरं आहेत. त्या इद्रिसूसाठी मी तुझ्यापुढे गुडघे टेकतो.” आणि त्या म्हाताऱ्याने खरंच गुडघे टेकले.

बिरागो आधी खूप बोलली. हाताची ठणक, फुटलेली शेगडी, बुडालेला धंदा, सगळं तिने त्या अंगणात ओतलं. मग तिला हुंदका आला. कोठडीतल्या माणसाची चार लेकरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. “उठा नाना,” ती म्हणाली. “मी माफ केलं.” बाटली उघडली, पहिली धार पितरांसाठी जमिनीवर पडली, मग प्याला फिरला. बिरागोनेही ओठ लावला. आम्पादूने सगळ्यांशी हात मिळवले आणि दिवस मावळायच्या आत तो गावाबाहेर पडलाही.

प्लास्टर निघालं तेव्हा कळलं की बोटं मिटत नाहीत. कुमासीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक शस्त्रक्रिया केली तर बोटं बरीचशी मिटतील, पण फार उशीर करू नका. बिरागोने आम्पादूला फोन लावला.

“मॅडम, ते प्रकरण संपलं ना!” तो म्हणाला. “तुम्ही बाटली घेतलीत. अख्खं गाव साक्षी आहे.”

“अरे पण माझा हात?”

“हातासाठी आपण सगळे प्रार्थना करू,” म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे तो उचललाच नाही.

बिरागोने पदर खोचून पुन्हा शेगडी मांडली. केळी डाव्या हाताने फिरवता येत होती. द्यायची कशी, हा प्रश्न होता. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देणं म्हणजे त्याला शिवी देणं. तान्हं मूलसुद्धा डावा हात पुढे करायला लागलं की त्याच्या हातावर चापट बसते. तेव्हा प्रत्येक पुडीबरोबर बिरागोला म्हणावं लागायचं, “डाव्याला माफ करा.” गिऱ्हाईक “असू दे, असू दे” म्हणायचं, पण पुडी घेताना नजर दुसरीकडे वळवायचं, आणि पुढच्या खेपेला कोपऱ्यावरच्या कच्च्या केळीवालीकडे जायचं. दिवसभर माफी मागायची, आणि ती कुणी, तर जिचा हात मोडला तिने! मला आजही ते आठवलं की संताप येतो.

दर महिन्याला चर्चच्या सभागृहात सरकारी मोफत वकील येऊन बसायची. गावच्या कर्ण्यावर तशी हाळी दिली जायची. त्या दिवशी हाळी ऐकून बिरागो शेगडी तशीच टाकून उठली. वकीलबाईंचं नाव मावुसी आग्बेको. व्होल्टाकडची, एवे जमातीची, आमची ट्वी भाषा दगडधोंड्यांतून सायकल हाकल्यासारखी बोलायची, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची. बिरागोचं सगळं ऐकून तिने विचारलं, “आंटी, मग आजवर दावा का नाही लावला?”

“मी बाटली घेतलीय.”

“कसली बाटली?”

“माफीची. आता कसला दावा?”

मावुसी हसली नाही. ती म्हणाली, “आंटी, कोर्टात बाटली म्हणजे हक्क सोडणं नव्हे. ट्रक ज्याचा, त्याने तो धड ठेवायचा असतो. ड्रायव्हर त्याच्या कामावर असताना तुम्हाला इजा झाली, तर मालकही जबाबदार. त्याचा विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. इजा झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, म्हणजे आपण वेळेत आहोत. पोलिसांचा अहवाल मी मागवते. तुम्ही दवाखान्याची एकही चिठ्ठी फेकू नका, हाताचे फोटो काढून ठेवा. कंपनीचा फोन आला तर माझं नाव सांगा आणि बंद करा. सही नाही, अंगठा नाही. आणि घडलं ते डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी हवं.”

“कोनामाने पाहिलंय. ऐकलंयसुद्धा.”

“मग झालं की!”

“काय झालं? तुझ्या कोर्टात बाटली चालत नसेल बाई, माझ्या गावात चालते. मला राहायचंय आसांकरेत.”

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. कोनामाने साफ नकार दिला. संत्र्याची साल एका लांब पट्टीत काढत ती म्हणाली, “मी त्या अंगणात बसले होते. माझ्या घशाखाली तो घोट उतरलाय. आता उठून कोर्टात सांगू? माझी म्हातारी आई वर पितरांत बसलीय ती काय म्हणेल?”

“तुझी म्हातारी मला ओळखते. ती म्हणेल, मैत्रिणीच्या मदतीला जा.”

“बिरागो, थुंकलेलं चाटू नये.”

“थुंकले कोण? आणि चाटतंय कोण? हात माझा गेलाय गं, तुझा नाही!”

“म्हणून तर सांगते,” कोनामा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. “आता गावाला तरी मुकू नकोस.”

दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. फूफूचे वाडगे दोन झाले. बिरागोला हाताच्या ठणकेपेक्षा हे जास्त लागलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते ती मनाशी घोकत राहिली. पण भीड मोडायची म्हणजे ज्यांच्यात जन्म काढला त्यांच्यासमोर उभं राहायचं, आणि ते घोकण्याइतकं सोपं नसतं. कोनामाशिवाय दावा पांगळा होता, आणि नानांनी एक शब्द विरुद्ध टाकला असता तर कोनामाच काय, गावातलं कुत्रंही तिच्या बाजूने भुंकलं नसतं.

मावुसीची नोटीस कंपनीत पोचली आणि आम्पादू धावत आला. कोर्टाकडे नव्हे, नानांकडे. “नाना, या बाईने तुमच्या शब्दाला काळिमा फासला,” त्याने गाऱ्हाणं मांडलं. “बाटली प्यायली आणि आता नोटीस पाठवते. तिला समज द्या.” नानांनी बिरागोला बोलावणं धाडलं. तिच्यामागून अर्धं गाव त्यांच्या ओसरीवर लोटलं. कोनामाही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

नानांचा चेहरा कठोर होता. “बिरागो, तू माफ केलंस की नाही?”

“केलं नाना.”

“मग पुन्हा उकरतेस कशाला? अशाने उद्या कोण कुणासाठी गुडघे टेकेल?”

बिरागोने डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरला होता. ती म्हणाली, “नाना, तुम्ही मोठे. तुमच्या गुडघ्यांची मला जाण आहे. म्हणून एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही गुडघे टेकलेत ते कुणासाठी?”

ओचामेचं सगळं आयुष्य दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पोचवण्यात जातं, काना-मात्रेचा फरक झाला तर राजकारण पेटतं. नानांनी डोळे मिटले आणि अंगणात उच्चारलेले ते शब्द पुन्हा जसेच्या तसे म्हटले. “त्या इद्रिसूसाठी,” इथे येऊन ते थांबले.

“मालकाचं नाव घेतलंत?”

“नाही.” नानांनी डोळे उघडले आणि आम्पादूकडे पाहिलं. “मी विचारलं होतं याला. मालकाचं नाव घेऊ का म्हणून. हाच म्हणाला, मालकांना मध्ये आणू नका, मालक तर तिथे नव्हतेच.”

“मग इद्रिसूला मी माफ केलंय,” बिरागो म्हणाली. तिचा आवाज आता चढला. “आजही केलंय, उद्याही करीन. त्याच्यावर माझा दावा नाही. पण ट्रक त्याचा होता का? ब्रेक त्याने विकत घ्यायचे होते का? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर माझ्या हातून त्या चोराला माफी? मालकासाठी माझ्या दारात कुणी आलं नाही नाना. न मागितलेली माफी मी दिली कशी?”

ओसरीवर कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारी मोठ्याने म्हणाली, “बरोबर बोलते पोर.” आम्पादू शहाणा माणूस, त्याने वारं ओळखलं. पिशवीत हात घालून त्याने दुसरी बाटली काढली, पहिलीपेक्षा मोठी. “एवढंच ना? मग आता मालकांसाठी मागतो! नाना, घ्या ही बाटली, टेका गुडघे, मिटवून टाकू.”

म्हातारा पुन्हा खाली बसला, तर बिरागो नाही कशी म्हणणार होती? पण नानांनी बाटलीला हात लावला नाही.

“टेकतो की,” ते शांतपणे म्हणाले. “रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्यासाठी मागायचं त्याने काय केलं, ते आधी सांगावं लागतं. इद्रिसूचं मी सांगितलं, त्याच्या हातून हात मोडला. आता मालकाचं सांग. काय केलं त्याने?”

आम्पादूने बाटली या हातातून त्या हातात घेतली.

“बोल. ब्रेक गेलेला ठाऊक असताना ट्रक रस्त्यावर सोडला, असं म्हणू?”

“नाही, नाही नाना, तसं कसं!”

“मग काही केलंच नाही म्हणू? ज्याने काही केलं नाही त्याच्यासाठी मी या वयात गुडघे झिजवू?”

हो म्हणावं तर अख्ख्या गावासमोर कबुली, नाही म्हणावं तर बाटली वाया. आम्पादूच्या इस्त्रीच्या सदऱ्याला घामाने नकाशे फुटले. शेवटी तो म्हणाला, “मला मालकांना विचारावं लागेल.”

“विचारून ये,” नाना म्हणाले. “आणि ती बाटली घेऊन जा, ऊन लागतंय तिला.”

त्या दिवशी आसांकरेत जे हसू उसळलं ते मी तरी विसरणार नाही. आम्पादू बाटली काखेत मारून गाडीकडे चालू लागला, तेव्हा कोनामा भिंतीपासून पुढे आली आणि बिरागोला म्हणाली, “कोर्टात जाताना काय नेसतात गं? माझं निळं चालेल?”

“तोंड बंद ठेवलंस तर काहीही चालेल,” बिरागो म्हणाली.

“बंद ठेवलं तर साक्ष कोण देणार, तुझी शेगडी?” आणि दुपारी वाडगा पुन्हा एक झाला.

पण मावुसीचं समाधान झालं नव्हतं. कोनामाने ऐकलेलं बोलणं चांगलं होतं, बोलणारा मिळाला तर आणखी चांगलं. कंपनी उलट म्हणत होती की ट्रक ठणठणीत होता, ड्रायव्हरच बेदरकार. इद्रिसूला तर जामिनावर सुटल्यावर कामावरून काढलं होतं आणि तो नाहीसा झाला होता. मावुसीने ड्रायव्हरांच्या युनियनमधून माग काढला. तो तेचिमानच्या बाजारात सुरणाची पोती उचलत होता. नंबर मिळाला, पण तो वकिलाचं नाव ऐकताच फोन कापायचा. शेवटी बिरागोनेच लावला.

“इद्रिसू?”

“कोण बोलतंय?”

“जिचा हात मोडलास ती.”

बाजाराच्या गलक्यातून रडवेला आवाज आला, “माई, माझी पोरं लहान आहेत. शाप मागे घे. मी पाया पडतो.”

“कसला शाप?”

“मला सगळं कळलंय. बाटली झाली, अंडी झाली. माझं नाव घेतलं सगळ्या गावाने. तेव्हापासून धाकटीचा ताप उतरत नाही.”

बिरागोला क्षणभर उमगेना. मग लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे नदीवर जाऊन कुणाला शाप द्यायचा असेल तरी बाटली आणि अंडीच लागतात. वस्तू त्याच, काम उलटं. बिचारा उत्तरेकडचा, मुसलमान माणूस, त्याच्या कानावर अर्धीच बातमी गेली होती आणि तो इतके महिने जीव मुठीत धरून बसला होता.

बिरागो हसायला लागली. अपघातानंतर ती असं पहिल्यांदाच हसत होती. “अरे गाढवा, ती अंडी आम्ही खाल्ली! निम्मी तर या कोनामानेच खाल्ली. तुला माफ केलं म्हणून होती ती. तुला कुणी सांगितलं नाही?”

“नाही माई.”

ज्याच्या नावाने म्हाताऱ्याने गुडघे टेकले, ज्याच्या नावाने गाव प्यायलं, त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं! कंपनीला त्याच्यासाठी माफी नकोच होती, आपल्यासाठी पांघरूण हवं होतं. बिरागोचं हसू विरलं. ती हलकेच म्हणाली, “पोरीला दवाखान्यात ने. तिला शाप नाही, ताप आहे. आणि ऐक, मी कोर्टात जातेय. तुझ्यावर नाही, तुझ्या मालकावर. येशील?”

“ते मला पुन्हा कुठे कामावर घेणार नाहीत माई. सगळे मालक एकमेकांना ओळखतात.”

“नसशील येणार तरी माफी परत घेणार नाही मी. दिली ती दिली.” आणि तिने फोन ठेवला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बिरागो, निळ्या वस्त्रातली कोनामा आणि फायलींखाली वाकलेली मावुसी अशा तिघी बसल्या होत्या. बिरागो रस्त्याकडे पाहायचं नाही असं ठरवून रस्त्याकडेच पाहत होती. एक ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची मिनीबस, थांबली, माणसं उतरली, त्यांत तो नव्हता. दुसरीतून इद्रिसू उतरला. अंगावर धुतलेला लांब झगा, हातात चपला. मग त्याने चपला घातल्या आणि सरळ बिरागोसमोर येऊन उभा राहिला. तिच्या हाताकडे पाहिलं मात्र, आणि त्याने मान खाली घातली.

“पोरगी?” तिने विचारलं.

“बरी आहे.”

“मग चल आत.”

आधी कोनामाने ऐकलेलं सांगितलं, अगदी भोंग्याच्या आवाजासकट, आणि न्यायाधीशबाईंनी दोनदा सांगूनही थांबली नाही. मग इद्रिसू उभा राहिला. ब्रेक धरत नाही हे त्याने मॅनेजरला सांगितलं होतं, मालकालाही फोनवर सांगितलं होतं. मालक म्हणाला होता, या खेपेला सावकाश ने, पुढच्या खेपेला बघू. त्याच्याबरोबरच्या मेकॅनिकचं नावही त्याने सांगितलं.

कंपनीचा वकील उठला. हुशार माणूस होता. “या बाईंनी तुम्हाला माफ केलं, खरं ना?”

“खरं.”

“म्हणजे तुमच्यावर त्यांचं ओझं आहे. त्यापोटी तुम्ही त्यांच्या सोयीचं बोलताय.”

इद्रिसूने जरा विचार केला. “साहेब, खोटं माणूस भीतीपोटी बोलतो,” तो म्हणाला. “मला माईची भीती नाही, तिने मला सोडलंय. मी आलो नसतो तरी ती काही म्हणणार नव्हती. भीती मला मालकाची आहे. खोटं बोलायचं असतं, तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो.”

वकील खाली बसला. बिरागो इद्रिसूकडे पाहत राहिली. याला आपण माफ केलं नसतं तर हा आज इथे उभा नसता, हे तिला तेव्हा कळलं. आपल्या हातून त्या अंगणात मूर्खपणा झाला अशी जी टोचणी तिला होती, ती तिथल्या तिथे गेली.

निकाल यायला आणखी काही तारखा गेल्या. मेकॅनिक आला, डॉक्टर आले, आम्पादू यायचा बंद झाला. निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी इंग्रजीत बराच वेळ वाचलं. मावुसीचा चेहरा उजळत गेला तशी बिरागो तिला कोपराने ढोसू लागली, “काय म्हणते? काय म्हणते गं?”

“जिंकलो आंटी! कुमासीच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च, बुडालेला धंदा, पुढचं नुकसान, सगळं विम्यातून आणि मालकाकडून...”

“ते राहू दे. चूक कुणाची म्हणाली?”

“मालकाची. ब्रेक खराब आहेत हे ठाऊक असून त्याने ट्रक रस्त्यावर आणला.”

“पुन्हा सांग.”

मावुसीने पुन्हा सांगितलं. बिरागो बाकावर बसली आणि भर कोर्टात, सगळ्यांदेखत, पोर रडावी तशी रडली. शिपाई गप्प करायला पुढे आला, त्याला कोनामाने एका नजरेत थांबवलं. मग तिने बिरागोच्या पाठीवरून हात फिरवला. “वेडी का तू? जिंकलीस ना? आता बोटं मिटतील तुझी. रडतेस कशाला?”

बिरागोने डाव्या हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसले. “इतके दिवस जो भेटेल तो म्हणायचा, देवाची मर्जी, सोस. मीसुद्धा तेच म्हणायचे गं. रोज देवाशी भांडायचे, माझंच काय बघितलंस म्हणून.” तिने नाक ओढलं. “उगाच त्याच्यावर आळ घेतला.”